टेस्टोस्टेरॉन : एक अनुभव आणि थोडी माहिती

दरवर्षी पुरवणीसाठी संपादकांचा फोन आला की मी कोकणच्या सहलीवर नाहीतर वाळवंटातल्या एखाद्या रात्रीवर चार पाने लिहून देतो. यंदा विषय सांगितला तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग संपादक म्हणाले, “लिहा. फक्त आधी घरी विचारून घ्या.” सौ.ला विचारले. ती म्हणाली, “अहो, लिहाच. मला विचारलंत तर वर्षभर उशीरच झालाय.”

तेव्हा वाचकहो, हा लेख पुरुषांच्या शरीरातल्या एका संप्रेरकाविषयी म्हणजे हार्मोनविषयी आहे. त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन. मी डॉक्टर नाही, मेंटेनन्स प्लॅनिंगमधला इंजिनियर आहे. जे माझ्यावर गुजरले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, विचारले, समजून घेतले, तेवढेच इथे मांडतो आहे. आपल्या मंडळात चाळिशीच्या आसपासचे आणि माझ्यासारखीच नोकरी करणारे बरेच जण आहेत. त्यांच्यापैकी एकाला जरी उपयोग झाला तरी पुष्कळ झाले.

काय होत होते?

कतारमध्ये येऊन मला अकरा वर्षे झाली. काम रास लफानला. दोह्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटर, त्यामुळे पहाटे पावणेपाचला बस. एरवी हे अंगवळणी पडले होते. पण त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर मोठे शटडाऊन आले. प्लँट बंद करून सगळी यंत्रे उघडायची, तपासायची आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा सुरू करून द्यायची. एक दिवस उशीर झाला तर त्याची किंमत मोजण्याच्या पलीकडची असते आणि तो उशीर कुणामुळे झाला हे शोधणारी माणसेही तयार असतात. बारा-बारा तासांची ड्यूटी, घरी आल्यावर रात्री दोनदा-तीनदा कंट्रोल रूमचा फोन. त्यात ‘शटडाऊन संपले की माणसे कमी करणार’ अशी कुजबुज. यादीत आपले नाव आहे की नाही, हा विचार उशाशी घेऊनच झोपायचे.

शटडाऊन संपले. माणसे थोडी कमी झाली, मी राहिलो. पण माझा थकवा संपला नाही. रात्री आठला सोफ्यावरच डोळा लागायचा आणि पहाटे उठताना वाटायचे, झोपलोच नव्हतो. सकाळी काम केलेला आकडा दुपारी आठवत नसे. क्षुल्लक गोष्टीवरून मुलीवर ओरडायचो. ती सात वर्षांची. एकदा तिने मैत्रिणीला सांगितलेले मी ऐकले, “माझे बाबा शुक्रवारी पण झोपलेलेच असतात.” आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. नवरा-बायकोच्या नात्यातली इच्छाच विझल्यासारखी झाली होती. भांडण नव्हते, राग नव्हता, नुसते काही वाटतच नव्हते. आम्ही त्याच सुमारास दुसऱ्या मुलाचा विचार करू लागलो होतो. सौ.ला वाटले, मला ते नको आहे आणि सांगवत नाही. मला वाटत होते, वय झाले. वय वर्षे एक्केचाळीस!

पहिला दवाखाना

कंपनीच्या दवाखान्यात जायची हिंमत झाली नाही. साहेबांच्या टेबलावर कागद जाईल ही भीती. खरे म्हणजे अशी माहिती गोपनीय असते, पण भीतीला नियम कुठे वाचता येतात! म्हणून एके दिवशी ड्यूटीवरून परतताना एका खाजगी क्लिनिकमध्ये शिरलो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. वाटेत दोन समोसे आणि करक चहा झाला होता. रिसेप्शनवर मी हळू आवाजात सांगितले. काउंटरवरच्या बाईंनी आतल्या सिस्टरला तितक्याच मोठ्या आवाजात विचारले, “टेस्टोस्टेरॉनचं पॅकेज आहे ना?” बाकावर बसलेल्या सहा जणांनी वर पाहिले. मी भिंतीवरचे लसीकरणाचे वेळापत्रक मन लावून वाचू लागलो.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. ७.६. त्यापुढे खाली निर्देश करणारा लाल बाण. डॉक्टरांनी तो पाहून लगेच सांगितले की लेव्हल कमी आहे, दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्या, महिन्याभरात पंचविशीतले वाटेल. एवढे बोलणे पाच मिनिटांत झाले. मुले किती, झोप कशी, इतर आजार कोणते, यातले काही विचारले गेले नाही. मला मात्र सुटल्यासारखे वाटले. आजाराला नाव मिळाले होते आणि औषधही. पुढच्या गुरुवारची वेळ घेऊनच बाहेर पडलो.

त्या रात्री सौ.ला सगळे सांगितले. ती ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, “गुरुवारच्या आधी दादाशी बोला.” दादा म्हणजे तिचा मामेभाऊ, पुण्यात हार्मोनविकारांचा डॉक्टर आहे. सासरच्या माणसाशी हा विषय! पण फोन लावला. त्याने तीन प्रश्न विचारले. “भावोजी, रक्त किती वाजता दिलंत? त्याआधी काय खाल्लं होतं? आणि दुसरं मूल हवंय का तुम्हाला?” तिन्ही उत्तरे ऐकून म्हणाला, “मग गुरुवारी जाऊ नका. तिथे जे देणार आहेत ते मूल होऊ न देणारं औषध आहे.”

या वाक्याचा अर्थ समजायला मला बरेच वाचावे लागले. तो आता सांगतो.

शरीरातला थर्मोस्टॅट

दोह्यात राहणाऱ्याला एसी समजावून सांगावा लागत नाही. भिंतीवर थर्मोस्टॅट असतो, गच्चीवर कॉम्प्रेसर. खोली तापली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला सांगतो ‘चालू हो’, गार झाली की ‘थांब’.

टेस्टोस्टेरॉनचे असेच आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो साधारण दीड-दोन तासांनी एक छोटा रासायनिक संदेश सोडतो. तो संदेश खालच्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीला मिळतो. ती एलएच आणि एफएसएच अशी दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएच वृषणांत पोचते आणि तिथल्या विशिष्ट पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएच शुक्रजंतू तयार करण्याच्या कामाला लागते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदूला ते कळते आणि वरचा संदेश मंदावतो.

आता समजा, खोलीत कुणी बाहेरून बर्फाच्या लाद्या आणून टाकल्या. थर्मोस्टॅटला वाटेल खोली गार आहे, आणि तो कॉम्प्रेसर बंद करील. इंजेक्शनने दिलेले टेस्टोस्टेरॉन हीच बर्फाची लादी. रक्तातला आकडा छान दिसतो, पण मेंदू वरून संदेश पाठवणे थांबवतो. वृषणांचे स्वतःचे काम बंद पडते आणि शुक्रजंतू बनणेही जवळजवळ थांबते. हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊन ते पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून वापरता येईल का, याची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. काही महिन्यांत बहुसंख्य पुरुषांचे शुक्रजंतू पूर्ण नाहीसे झाले. औषध थांबवल्यावर ते सहसा परत येतात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

म्हणजे जे औषध घेऊन मी ‘पुरुष’ होणार होतो, तेच आमच्या दुसऱ्या मुलाच्या आड येणार होते. आणि हे मला त्या क्लिनिकमध्ये कुणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते, हेही खरे.

थोडा इतिहास

या संप्रेरकाची गोष्ट कोंबड्यापासून सुरू होते. १८४९ साली जर्मनीतल्या गटिंगेन येथे बर्थोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांची वृषणे काढली. त्यांचे तुरे सुकले, आरवणे आणि भांडणे थांबले. मग त्याने काही कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तेव्हा तुरा आणि आरवणे परत आले. म्हणजे वृषणांतून काहीतरी रक्तात मिसळते, हे उघड झाले. १८८९ साली ब्राउन-सेकार या नामांकित फ्रेंच शास्त्रज्ञाने बहात्तराव्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःलाच टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचे जाहीर केले. त्या पाण्यातल्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. जो फरक पडला तो मनाचा होता. तरी त्यानंतर युरोप-अमेरिकेत अशा अर्कांचा बाजार तेजीत चालला.

खरे टेस्टोस्टेरॉन १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये बैलांच्या वृषणांतून वेगळे केले गेले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत कोलेस्टेरॉलपासून बनवण्यात बुटेनांट आणि रुझिच्का यांच्या गटांना यश आले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्याकडे वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. म्हणजे पूर्वजांनी हा विषय वैद्यकातच ठेवला होता, गुपचूप नव्हे. पुढे तो रेल्वेलगतच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेल्या जाहिरातींत गेला. ‘पुराने रोगी एक बार अवश्य मिलें’ हे लहानपणी रेल्वेच्या खिडकीतून वाचून मी वडिलांना अर्थ विचारला होता. त्यांनी मला खिडकीतून आत बसायला सांगितले. आपल्यापैकी किती जणांचे या विषयाचे शिक्षण तिथेच संपले असेल!

काम, झोप आणि पोट

नोकरीच्या ताणाने टेस्टोस्टेरॉन कमी होते का? उत्तर सरळ ‘हो’ असे नाही.

अतिशय तीव्र ताणात ते नक्की कोसळते. नॉर्वेच्या लष्करी कॅडेट्सना काही दिवस जवळजवळ झोप आणि अन्न न देता सतत प्रशिक्षण दिले जाते. त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांत दिसले की धडधाकट तरुणांचे टेस्टोस्टेरॉनही काही दिवसांत अगदी तळाला जाते. शरीराचा हिशेब साधा आहे. जीव वाचवायचा प्रसंग असेल तेव्हा प्रजननाचे खाते बंद ठेवायचे. ताणात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मेंदूतला तो दीड-दोन तासांचा संदेश मंद करते.

पण ऑफिसचा रोजचा ताण हा लष्करी प्रशिक्षणाएवढा नसतो. तो थेट वार करण्याऐवजी आडून करतो, झोपेतून आणि पोटातून. टेस्टोस्टेरॉनची पातळी झोप लागल्यावर चढू लागते आणि सकाळी सर्वांत वर असते. शिकागो विद्यापीठात २०११ साली दहा निरोगी तरुणांना आठ रात्री फक्त पाच तास झोपू दिले. तेवढ्यात त्यांची दिवसाची पातळी दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरली. वयामुळे होणारी घट वर्षाला एक-दोन टक्क्यांची असते. म्हणजे आठवडाभराच्या अपुऱ्या झोपेने दहा वर्षांचे वय अंगावर घेतल्यासारखेच झाले. आता पावणेपाचची बस आणि मध्यरात्रीचे फोन आठवा.

दुसरे पोट. पोटावरची चरबी ही नुसती साठवण नाही. तिच्यात असे एक एन्झाइम असते की जे टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात, रूपांतर करते. शिवाय पोटाबरोबर मधुमेहाची पायरी येते आणि तीही पातळी खाली ओढते. पातळी कमी झाली की स्नायू घटतात, चरबी वाढते. असे हे चक्र. दमलेला माणूस घरी येऊन भात खातो, मोबाइल घेऊन आडवा होतो, चालायला जात नाही, घोरतो, आणि सकाळी आणखी दमून उठतो. मी हे चक्र दोन वर्षे फिरवत होतो.

दुसरी तपासणी

दादाच्या सांगण्यावरून मी रीतसर वाटेने गेलो. हेल्थ कार्ड घेऊन आपल्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात, तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे. त्यांच्याकडून पुढे हार्मोनविकारांच्या तज्ज्ञांकडे. वेळ लागला. पण यावेळी डॉक्टरांनी अर्धा तास प्रश्नच विचारले. लहानपणी गालगुंड झाले होते का? तिथे मार लागला होता का? डोकेदुखी, नजरेला काही त्रास? जिममध्ये कुणी इंजेक्शन, पावडर दिली होती का? वेदनाशामक गोळ्या रोज चालू आहेत का? घोरता का? मन उदास असते का? शेवटच्या प्रश्नाला मी “नाही” म्हटले आणि लगेच “माहीत नाही” असेही म्हटले. थकवा, चिडचिड, इच्छा नसणे ही सगळी नैराश्याचीही लक्षणे आहेत, हे तेव्हा कळले.

रक्त सकाळी आठला, उपाशीपोटी. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा तसेच. याला कारण आहे. दिवसभरात पातळी उतरत जाते, खाल्ल्यावरही उतरते. म्हणून सकाळी दहाच्या आत आणि दोन वेगवेगळ्या दिवशी कमी आल्याशिवाय ‘कमी’ म्हणत नाहीत. रात्रपाळी करणाऱ्यांनी आपल्या झोपेच्या वेळा डॉक्टरांना आधीच सांगाव्यात, कारण त्यांची ‘सकाळ’ वेगळी असते. रमझानमध्ये ऑफिसच्या आणि झोपेच्या वेळा बदलतात, तेव्हाही हे लक्षात ठेवावे.

माझे आकडे आले १०.९ आणि ११.७. ते वाचून मी हबकलो, कारण भारतातल्या एका मित्राने आपला आकडा ४२० सांगितला होता. इथे एक खुलासा करतो, नाहीतर वाचकही हबकतील. भारतात बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात रिपोर्ट देतात, इथल्या पुष्कळ रिपोर्टांत नॅनोमोल प्रति लिटर असते. दुसऱ्या मापाला २८.८ ने गुणले की पहिले मिळते. म्हणजे माझे आकडे अनुक्रमे ३१४ आणि ३३७. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संस्था ३०० च्या खाली ‘कमी’ मानते, युरोपात १२ नॅनोमोलच्या आसपासची, म्हणजे ३४६ ची रेघ वापरतात. तेव्हा मी दोन रेघांच्या मधोमध लोंबकळत होतो.

बाकीच्या तपासण्यांनी खरे चित्र दाखवले. एलएच नॉर्मल होते. वृषणेच नादुरुस्त असती तर मेंदूने ओरडून ओरडून एलएच वाढवले असते. प्रोलॅक्टिन नॉर्मल होते, म्हणजे पियुषिकेत गाठ असण्याची शंका कमी. थायरॉइड ठीक. मात्र एचबीएवनसी ६.१, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ड जीवनसत्त्व कमी. एवढ्या उन्हाच्या देशात राहून आपण सगळे सावलीतच जगतो! वजन ९१ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. घोरण्यामुळे झोपेची तपासणी केली. तासाला सरासरी अठ्ठावीस वेळा माझा श्वास अडखळत होता. म्हणजे मी रात्री सात तास अंथरुणात असलो तरी झोपत नव्हतोच.

डॉक्टर म्हणाले, “तुमचा कॉम्प्रेसर ठीक आहे. त्याला वीज पुरेशी मिळत नाहीये.” माझी एसीची उपमा त्यांना सांगितल्याचा हा परिणाम.

मग औषध कुणाला?

वाचकांचा असा समज होऊ नये की टेस्टोस्टेरॉनचे औषध म्हणजे फसवणूक. ज्यांना खरोखर लागते त्यांना ते वरदान आहे. क्लाइनफेल्टर सिंड्रोम हा जन्मजात दोष साधारण सहाशे पुरुषांत एकाला असतो आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर कळतही नाही. कुणाची पियुषिका गाठीने किंवा ऑपरेशनने दुबळी झालेली असते, कुणाची वृषणे गालगुंडाने, अपघाताने किंवा कॅन्सरच्या उपचारांनी. दोनदा नीट केलेल्या तपासणीत पातळी स्पष्ट कमी आणि लक्षणेही तशीच, असे असेल तर जेल किंवा इंजेक्शन द्यावेच लागते, आणि त्याने हाडे, रक्त, मनःस्थिती, संसार सगळेच सावरते. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. मधुमेही इन्सुलिन घेतो, तसेच हे.

मात्र मूल हवे असेल तर ते आधी सांगावे. अशा वेळी मेंदूकडून होणारे काम चालू ठेवणारी वेगळी औषधे तज्ज्ञ देऊ शकतात. उपचार चालू झाल्यावर रक्त घट्ट होत नाही ना, हे हिमॅटोक्रिट तपासून पाहावे लागते. ते ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवतात. प्रॉस्टेटसाठी पीएसए तपासतात. हृदयाला धोका आहे का, हा वाद बरीच वर्षे चालला. २०२३ साली सुमारे ५,२०० पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या, शिवाय टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांत जेल वापरल्याने हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात वाढले नाहीत. पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी होणे थोडे अधिक आढळले. सारांश, औषध आहे, टॉनिक नव्हे.

आणि जिमचे. ‘सायकल’ म्हणून जी इंजेक्शने कुजबुजत विकली जातात ती हीच किंवा याच जातीची. चोविशीतल्या मुलाच्या शरीरात बर्फाच्या लाद्या ओतल्या आणि मग बंद केल्या की कॉम्प्रेसर चालू व्हायला महिनोन् महिने लागतात. आपल्या मंडळातल्या तरुणांनी हे वाक्य दोनदा वाचावे. ‘ताकदीच्या’ आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या गोळ्यांतही कित्येकदा छुप्या रीतीने सिल्डेनाफिल मिसळलेले सापडले आहे. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते जिवावर बेतू शकते.

मी काय केले?

नाकाला लावायचे हवेचे मशीन आणले. पहिल्या रात्री मुलगी म्हणाली, “बाबा हत्ती झाले!” या मशीनने टेस्टोस्टेरॉन वाढतेच असे नाही, डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितले होते. पण झोप लागू लागली आणि झोप लागली की पुढचे सगळे करण्याचे बळ येते.

कतारमध्ये २०१२ पासून फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी राष्ट्रीय क्रीडा दिनाची सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही तिघे अस्पायर पार्कला चालायला गेलो आणि मग चालणे सुरूच ठेवले. उन्हाळ्यात मॉलमध्ये, दुकाने उघडण्याआधी. आठवड्यातून दोनदा वजने उचलणे. रात्रीचा भात अर्धा, करक चहा दिवसातून एकच आणि तोही बिनसाखरेचा, म्हणजे करक राहिलाच नाही.

सर्वांत अवघड काम साहेबांशी बोलण्याचे होते. मी त्यांना सगळे सांगितले नाही. झोपेचा आजार निघाला आहे, डॉक्टरांचे पत्र आहे, रात्रीचे फोन एक आठवडाआड दुसऱ्या कुणाकडे देता येतील का, एवढेच विचारले. दार लावून आत जाताना यादीतले नाव डोळ्यांपुढे होते. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मलाही तेच मशीन आहे.” वर्षभर ज्या माणसाला मी घाबरत होतो तो माझ्यासारखाच घोरत होता.

नऊ महिन्यांनी वजन ८२, एचबीएवनसी ५.६, आणि सकाळी आठचे टेस्टोस्टेरॉन १५.१. पंचविशीतले वाटत नाही. बेचाळिशीतले वाटते, आणि तेच माझे वय आहे. दुसऱ्या मुलाचे काय, असे काही जण विचारतील. माझ्या सर्व तपासण्या ठीक आल्या आहेत. त्यापुढचे आमच्या घरातले आहे, ते इथे लिहीत नाही.

बोलायला हवे

ज्या मराठी समाजात र. धों. कर्वे होऊन गेले, त्या समाजाने या विषयावर कुजबुजावे हे नवलच. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत सोडले नाही. त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. शरीराविषयी शास्त्रीय भाषेत बोलणे म्हणजे अश्लीलता नव्हे, एवढेच ते सांगत होते. शंभर वर्षांनी मी एका काउंटरवर आवाज हळू केला, तेव्हा त्यांची आठवण व्हायला हवी होती.

शेवटी, कामाच्या चार गोष्टी :

१. सतत थकवा, चिडचिड, इच्छा कमी होणे हे दोन-तीन महिने टिकले तर डॉक्टरांकडे जा. हेल्थ कार्डाचे नूतनीकरण वेळेवर करून ठेवा.

२. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी. रिपोर्टवरचे माप वाचा, मगच मित्राच्या आकड्याशी तुलना करा.

३. एका रिपोर्टवर इंजेक्शन देऊ करणाऱ्यांना एवढेच विचारा, “कमी का झाले?” आणि मूल हवे असेल तर ते आधी सांगा.

४. भारतातून औषधे आणताना मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. इथे चालतात की नाही ते निघण्यापूर्वी विचारून घ्या. दुसऱ्याचे पाकीट ओळखीखातर आणू नका.

पाचवी गोष्ट घरातल्या स्त्रियांसाठी. नवरा सोफ्यावर झोपतो, घोरतो आणि बोलत नाही, तेव्हा तो आपल्याला टाळतो आहे असे लगेच समजू नका. विचारा. आणि पुरुषांनो, विचारले की उत्तर द्या. सौ.ने मला त्या रात्री एकच वाक्य सांगितले होते, गुरुवारच्या आधी फोन करा म्हणून. मी तिला वर्षभर काहीच सांगितले नसते तर तो गुरुवार येऊन गेला असता.